छुमिक कांगरीवरून माघारी

छुमिक कांगरीच्या टोकावर पाय ठेवायचा आणि धडधाकट परत यायचं, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही तिघं रत्नागिरी जिल्ह्यातून उठून लडाखला गेलो होतो. सहा हजार मीटरहून थोडं उंच, बर्फाचं, आणि 'पहिल्यांदाच चढणाऱ्यांना जमेल असं' म्हणून ज्याची जाहिरात होते ते हे शिखर. ती जाहिरात लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, मग बोलू.

मी करुणा, अलोऱ्याची. वडील कोयना प्रकल्पात होते, त्यामुळे कॉलनीत वाढले. घराच्या मागेच सह्याद्रीच्या भिंती उभ्या असल्यानं चढायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. आता चिपळूणच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. माझी मुलं म्हणतात, बाईंना शिट्टीची गरज नाही. मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी रागातच भोगलं आहे आणि रागातच सांगणार आहे.

दुसरा सुहास, आमच्या गिर्यारोहण मंडळाचा अध्यक्ष. चिपळुणात त्याचं फरश्यांचं दुकान आहे. खांद्यानं रुंद, आवाजानं मोठा, पुरात माणसं काढताना सगळ्यात पुढे. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही फोटोत मधोमध तोच असतो. यावेळी त्यानं मंडळाच्या नावाचा फलक शिवून घेतला होता आणि तो शिखरावर धरून काढलेला फोटो दुकानात कुठे लावायचा, ती भिंतसुद्धा मला दाखवून ठेवली होती.

तिसरा तहा, राजापूर तालुक्यातल्या नाटे बंदरावरचा. त्याचे वडील हमीदचाचा तांडेल आहेत, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तहा त्यांच्याच होडीवर खलाशी. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की दातात सुरी धरून खाली बुडी मारायची ती तहानंच. चिपळूणच्या पुरात आमच्या मंडळाला मदत करायला आला आणि तिथेच चिकटला. तेव्हापासून दोरावर माझा जोडीदार तोच. त्याच्या हातात माझा दोर असला की मी खाली बघत नाही. निघताना त्याच्या बायकोनं, अलिझानं, मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, की हा दुखलं-खुपलं कधी सांगत नाही, तुम्ही विचारत राहा. मी हो म्हटलं.

लेहला उतरल्यापासूनच माझं डोकं तापायला लागलं. ज्या कंपनीतर्फे आम्ही गेलो तिनं दोन मार्गदर्शक द्यायचं कबूल केलं होतं. आला एकच. दुसरा निघालाय, येतोय, पोचतोच आहे, असं फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगत राहिली, आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावी पोचलो तरी तो पोचतच होता. मी फोनवर जे बोलायला सुरुवात केली ते सुहासनं माझ्या हातातून फोन काढून घेऊन थांबवलं.

जो आला तो मात्र पक्का होता. रिग्झिन त्याचं नाव. चाळिशीचा, त्याच खोऱ्यातला, रीतसर शिक्षण घेऊन बरीच वर्षं या कामात मुरलेला. पहिल्या संध्याकाळी त्यानं आम्हाला गावच्या गोंप्याच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायरीवर बसवलं. आत बुद्धाची मोठी मूर्ती होती. आमचं घर बौद्ध, म्हणून मी आत जाऊन वंदन करून आले, तर सुहास म्हणतो, तुझं माहेरच आलं की गं! त्यानंतर तासभर मी त्याच्याशी बोलले नाही.

रिग्झिननं हिंदीत आपला नियम सांगितला. तुम्ही तिघं, मी एकटा. बर्फावर मी कुणालाही एकटं सोडणार नाही. एकाला खाली न्यायची वेळ आली तर सगळे खाली येणार. म्हणून डोकं दुखलं, उलटी झाली, झोप उडाली, काहीही झालं तरी मला लगेच सांगायचं. वेळेवर सांगितलं तर एक मुक्काम खाली करून पुन्हा चढता येतं. लपवलं तर उंचीवर मेंदूला सूज येते आणि माणूस मरतो. त्याला फार वेळ लागत नाही.

तो बोलत असताना तहा शहाण्या मुलासारखी मान डोलावत होता. आता मला कळतं, की त्यानं त्यातलं एकच वाक्य ऐकलं होतं. एक खाली, तर सगळे खाली.

दुसऱ्या दिवसापासून चढाई सुरू झाली. जांभ्याच्या तांबड्या मातीत आणि दमट हवेत वाढलेली आम्ही माणसं. तिथलं ते कोरडं, करडं खोरं बघून पहिल्यांदा दचकलोच. झाड नाही, झुडूप नाही, हवेला वास नाही. ओठ फुटले, नाकात रक्त साकळायला लागलं, एवढं चालूनही अंगाला घाम येईना. पण वर बघितलं की दगडी कड्यांच्या मागे छुमिक कांगरीचं पांढरं टोक दिसायचं आणि मग पायातलं दुखणं आपोआप मागे पडायचं. बेस कॅम्पच्या अलीकडे एक ओढा लागला. सकाळच्या वेळी त्यात घोट्याएवढं पाणी होतं, आम्ही दगडांवर पाय देत हसत-खिदळत पार केला.

रोज संध्याकाळी रिग्झिन बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचा. सुहासचा आकडा खाली, माझा बरा, तहाचा सगळ्यात चांगला! पंख्याखाली बुडी मारणारी छाती आहे, सुहास कौतुकानं म्हणायचा. आपली पाळी यायच्या आधी तहा पाठमोरा बसून बुडी मारण्यापूर्वी घेतात तसे खोल श्वास घेत राहायचा आणि मग हात पुढे करायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मी अलिझाला दिलेल्या शब्दाप्रमाणे रोज विचारत होते. डोकं? नाय दुखत. पोट? ठीक. जेवलास? तुमच्यासमोरच जेवलो की, ताई. जेवायचा खरा! आणि दगडाआड जाऊन सगळं बाहेर काढून यायचा. ते बघायला त्याच्या मागे-मागे फिरायचं का मी?

शिखराच्या दिवशी पहाटे वरच्या कॅम्पवरून निघालो. एकाच दोरावर चौघं: पुढे रिग्झिन, मग सुहास, मग मी, शेवटी तहा. बुटांखालचे क्रॅम्पॉनचे काटे बर्फात कचाकच रुतत होते. उजाडलं तसा बर्फ आधी निळा, मग गुलाबी झाला आणि पूर्वेकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा उघडत गेल्या. मला मात्र ते सगळं नीट बघता येईना, कारण कमरेचा दोर मला कधी डावीकडे ओढत होता, कधी उजवीकडे. मागे वळून मी तहाला दोनदा ओरडले, नीट चाल म्हणून. तो नीटच चालतोय म्हणाला.

शिखराच्या खाली एक रुंद बर्फाळ खांदा आहे. तिथे पोचलो आणि टोक समोर आलं. मध्ये फक्त एक धार! स्वच्छ, उन्हात चमकणारी, तासाभराची. सुहासनं फलक बाहेर काढला. रिग्झिन म्हणाला, धारेवर दोर आखूड हवा, सगळे आपापल्या गाठी सोडून पुन्हा बांधा.

तहाची गाठ मी इतक्या वर्षांत कधी तपासलेली नाही. माझीच गाठ तो तपासतो. सहज नजर गेली तर तो दोराचं टोक हातात धरून बसलेला. फास केला, टोक आत घातलं, बाहेर काढलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जाळ्याच्या कामात ज्याची बोटं अंधारातसुद्धा चालतात, तो माणूस दोराकडे बघत नुसता बसला होता.

"तहा, गाठ मार."

"मारतोय ना, ताई," तो म्हणाला आणि हसला. "होडी हलते काय करू?"

मी रिग्झिनला हाक मारली. रिग्झिननं एका उडीत येऊन त्याला उभं केलं आणि टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तहा एक पाऊल चालला, दुसरं टाकताना झोकांडी खाऊन माझ्या अंगावर पडला.

मग त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. बेस कॅम्पपासूनच त्याला उलट्या होत होत्या. डोकं तर असं ठणकत होतं, की कधीकधी दिसायचंच बंद व्हायचं. का बोलला नाहीस, विचारलं तर म्हणाला, "बोट लागते तशी लागली होती. काढून टाकायचा आणि जाळा ओढायचा. आपोआप बसते." दर्यावर ते खरंही आहे. बोट लागलेला नवा खलाशी एका हातानं होडीचा काठ धरून ओकतो आणि दुसऱ्या हातानं काम करतो, आणि दोन दिवसांत त्याची आतडी ठिकाणावर येतात. नाट्याच्या पोरानं तेच औषध हिमालयात आणलं होतं! आणि ते लपवण्याचं कारणही तिथलंच. "एकासाठी होडी वळवीत नाय, ताई. सगळ्यांची फेरी जाते."

मी त्याच्यावर जी काही तुटून पडले, ती रिग्झिन त्याच्या दंडात सूज उतरवणारं इंजेक्शन टोचेपर्यंत थांबले नाही. एवढ्यात सुहास माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला. इंजेक्शन दिलंच आहे. ऊन छान आहे. तू तहाला घेऊन इथे बस, मी आणि रिग्झिन पटकन जाऊन येतो, निदान एकानं तरी वर पोचायला हवं, मंडळाचा प्रश्न आहे. मी त्याच्या जाकिटाची कॉलर धरली.

"अलिझाला फोन तू करणार आहेस काय, सुहास? आत्ताच सांग. मंडळातर्फे करणार की स्वतःतर्फे?"

रिग्झिनला मराठी येत नाही, पण त्याला सगळं समजलं. त्यानं सुहासच्या हातातला फलक काढून घेतला, घडी करून त्याच्याच पिशवीत कोंबला आणि खाली हात दाखवला. सुहासचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी एकदा वर बघितलं. मला ते टोक हवं होतं. तहाचा त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. मग मी वळले.

उतरताना दोरावरचा क्रम उलटा केला. पुढे सुहास, मग तहा, त्याला कमरपट्ट्यात धरून मी, आणि वरून सगळ्यांना सावरायला शेवटी रिग्झिन. थोडं उतरलो आणि तहा खाली बसला. झोपतो म्हणाला. मी समजावलं, गोंजारलं, हात धरून ओढलं. तो मटकन आणखी खाली बसला आणि डोळे मिटले. रिग्झिन वरून ओरडला, की त्याला झोपू देऊ नकोस, झोपला तर उठणार नाही.

गोड बोलणं मला तसंही जमत नाही. मी गाठ सोडून दोरावर त्याच्या पुढे बांधून घेतलं, त्याच्या तोंडासमोर वाकले आणि सुरुवात केली.

"बापाच्या होडीवर असाच झोपतोस काय रे? म्हणून तुमची जाळी रिकामी येतात."

डोळे उघडले. "बाबांना मध्ये आणू नको."

आणलं! बाबांना आणलं, होडीला आणलं, नाटे बंदराला आणलं. हमीदचाचांना वारा कळत नाही म्हणाले. त्यांच्या होडीला शेजारच्या बंदरातली पोरं टपरी म्हणतात म्हणाले. तहा लग्नात घातलेल्या सुटात कसा दिसत होता तेही सांगितलं. यातलं एक अक्षर खरं नव्हतं, आणि हमीदचाचांच्या पायाशी बसायची माझी लायकी नाही हे मला ठाऊक आहे. तहा उठला. मला मारायलाच उठला. मूठ वळून एक पाऊल आला, मी एक पाऊल खाली सरकले. तो आणखी एक आला. त्याला मला मारायचं होतं आणि मी कायम त्याच्या हाताच्या थोडी पुढे होते. असा तो सगळा उतार आम्ही भांडत उतरलो.

तेवढ्यात खालून ढग चढून आले. बघता बघता सगळं पांढरं झालं. येताना रिग्झिननं वाटेवर लाल फडकी रोवली होती. सुहासनं त्यांच्यावर नजर ठेवून चालायचं होतं. पण त्याच्या डोक्यात शिखर जळत होतं. तो पाय आपटत, दोर ताणत, पुढे पुढे चालला होता. मी हाक मारली तरी वळला नाही. एक फडकं त्यानं चुकवलं आणि वळण सोडून सरळ गेला.

आवाजही आला नाही. तो होता आणि मग नव्हता!

दोराला हिसका बसला. मी तोंडावर आपटले. बर्फावरून खाली ओढली जाऊ लागले. बर्फकुऱ्हाड! दोन्ही हातांनी तिचं टोक खाली दाबलं. ती घसरली. पुन्हा दाबली. तहा माझ्या पायांवर येऊन पडला. वर रिग्झिननं सगळं अंग मागे टाकलं. दोर कडाडला. थांबलो.

हिमनदीला भेगा असतात आणि त्यांच्यावर कोवळ्या बर्फाची झाकणं असतात. त्यातल्या एका झाकणावर सुहासनं पाय दिला होता. तो आत लोंबकळत होता आणि त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. रिग्झिननं पटापट बर्फात दोन खुंट मारले, दोर त्यांत अडकवला, कप्पी लावली. मग मी आणि तो ओढू लागलो. इंच इंच. श्वास पुरेना. ओढता ओढता मागे बघते तर तहानं दोन्ही हातमोजे काढून फेकले होते आणि उघड्या हातांनी बर्फात काहीतरी चाचपत होता. मी ओढत होते आणि ओरडत होते. कुणावर ओरडत होते ते मलाही आठवत नाही.

शेवटी भेगेच्या काठावर सुहासची कोपरं आली, मग डोकं आलं. गाल सोलवटला होता. तो काठावर उपडा पडून राहिला. मी त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण त्यानं उठल्याबरोबर तहाकडे बघितलं, आपले जाड हातमोजे काढले, तहाच्या लाल झालेल्या बोटांवर नीट चढवले आणि स्वतः आतल्या पातळ मोज्यांवर राहिला. ठरवलेलं सगळं मला गिळावं लागलं, आणि मला गिळायला आवडत नाही.

वरच्या कॅम्पवर ऑक्सिजनची एक लहान नळकांडी होती. ती तहाच्या नाकाला लावली, तंबू तसेच सोडले आणि खाली निघालो. बर्फ संपून दगडगोट्यांचा उतार लागला. इथे तहा चालेना. मी पुन्हा हमीदचाचांवर घसरले. तो काही बोलला नाही. होडीवर गेले, बंदरावर गेले, सुटावर गेले. काही नाही. नजर माझ्यावर होती, पण तिच्यात मी नव्हते. तेव्हा मात्र मी घाबरले. एवढा वेळ रागानं मला धरून ठेवलं होतं. तो माणूस मला उलट उत्तर देत नव्हता, मग राग करायचा तरी कुणाचा?

सुहासनं दोराची वेटोळी करून त्यात तहाला पाठीवर अडकवलं. सुहास दमला की रिग्झिन, रिग्झिन दमला की पुन्हा सुहास. मी ऑक्सिजनची नळकांडी धरून बाजूनं धावत होते. ढोपरं फुटली. कुणीही थांबूया म्हणालं नाही.

आणि मग ओढा आला! चढताना घोट्याएवढा असलेला ओढा दिवसभराच्या उन्हानं वितळलेलं बर्फ घेऊन गढूळ, फेसाळ होऊन धावत होता. दगड दिसत नव्हते. आत दगड गडगडल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. रिग्झिन म्हणाला, पहाटे पाणी उतरेल, तोवर थांबायला हवं. त्यानं तहाच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि स्वतःच मान हलवली. पहाटेपर्यंत तहा राहणार नव्हता.

"पुरात करतो तसं करू," सुहास म्हणाला.

पुरात आम्ही तसंच करतो. माणसं गोल करून एकमेकांच्या खांद्यांना घट्ट धरायचं, सगळ्यात वजनदार माणूस वरच्या अंगाला प्रवाहाकडे पाठ करून, एका वेळी एकानंच पाय उचलायचा. बाजारपेठेच्या रस्त्यात असं आम्ही कितीतरी जणांना पार नेलंय. रिग्झिननं हे कधी केलं नव्हतं. सुहासनं त्याला कुठे धरायचं ते दाखवलं आणि स्वतः वरच्या अंगाला उभा राहिला. तहा मध्ये, आमच्या छात्यांमध्ये दाबलेला.

पाणी मांड्यांना लागलं. थंडी नव्हे, सुऱ्या! सुहास एकेकाचं नाव घेई आणि तोच पाय उचले. रिग्झिन. मी. सुहास. मध्यावर आलो. माझ्या पायाखालचा दगड निघाला. मी गेले. तोंडात पाणी, नाकात पाणी, डोकं खाली. आणि मानेला गचका बसला. कुणीतरी माझी कॉलर पकडली होती. सुहासचा हात नव्हता, रिग्झिनचाही नव्हता. तहाची मूठ होती! पुरातून माणूस काढताना पकडतो तशी, अंगठा आत घालून पकडलेली. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्यानं ती सोडली नाही. काठावर पडून मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. त्यानं कुठल्याशा शिवीवर भुवई उचलली. मला तेवढं पुरलं.

खाली गावात जीप होती. लेहच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक मुक्काम वर झाला असता तर आम्हाला त्याला जिवंत आणता आलं नसतं. अलिझाला फोन सुहासनं केला, स्वतःहून केला, आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. शिखराखालच्या त्या बर्फाळ खांद्यावर तो काय म्हणाला होता तेसुद्धा.

तहा शुद्धीवर आला. पाणी प्याला, माणसं ओळखली, डॉक्टरांनी सांगितल्यावर रेषेत चालून दाखवलं. मग त्यानं मला विचारलं, की आपण वर पोचलो काय? त्या दिवसाचं त्याला फारसं आठवत नव्हतं. मी नाही म्हटलं.

"माझ्यासाठी वळवलीत," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्यानंतर बोलणं बंद. जेवण आलं तसं परत गेलं. सुहासनं समजावलं, रिग्झिन येऊन हात धरून बसला. हा ढिम्म. डॉक्टर म्हणाले, त्यानं खायला हवं. मला वाटलं, याला उचलून पुन्हा त्या भेगेत टाकून यावं! जिवावर उदार होऊन आणलेला माणूस, आणि आणलं म्हणून आमच्यावर रुसून बसला होता. शेवटी मी हमीदचाचांना फोन लावला. ते बंदरावर होते. पोराची तब्येत त्यांना कळलेली होती. मला बोलताना आवाज आवरला नाही.

"चाचा, तुमचा पोरगा जेवत नाही. त्याच्यासाठी आम्ही मागे फिरलो म्हणून. तुम्हीच त्याला शिकवलंय, एकासाठी होडी वळवीत नाय म्हणून. आता तुम्हीच निस्तरा."

इंजिनांची धडधड आणि कुणाकुणाच्या हाका ऐकू येत राहिल्या.

"त्याला ऐकू येईल असा कर, बाय," ते म्हणाले. मी आवाज मोठा करून फोन उशीवर ठेवला.

"तहा, तुझी पहिली फेरी आठवते? अर्ध्यातून परत आलो ती?"

"इंजिन बिघडला होता," तहा भिंतीलाच म्हणाला.

"इंजिन नवा होता. तू हिरवा पडला होतास. डोळे फिरवलेस. पाणी पोटात राहीना. मी वळवली."

तहानं मान वळवून फोनकडे बघितलं.

"खलाश्यांना काय सांगू? पोरासाठी वळवली म्हणून? पुढच्या फेरीला तुला कोणी बाजूला उभा केला असता? म्हणून इंजिन बिघडला सांगितला. तुझ्या आईला पण तेच सांगितला. आजपर्यंत तोच सांगतोय."

म्हणजे ज्या नियमासाठी हा पोरगा मरायला निघाला होता, तो नियम त्याच्या बापानं त्याच्यासाठीच मोडला होता आणि वर कुलूप लावून बसला होता! मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी तहा उठून बसला. त्यानं फोन दोन्ही हातांत धरला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

"मी तिकडे मरत होतो, बाबा!"

आणि त्यानं शिवी दिली. अस्सल नाटे बंदराची, तीन पिढ्यांना पुरेल अशी. ती मी इथे लिहीत नाही. तांडेलाला तोंडावर शिवी देणारा खलाशी नाट्यात कुणी पाहिला नसेल. दाराशी उभी असलेली नर्स दचकली. सुहासनं मान खाली घातली.



"बरा झाला," हमीदचाचा म्हणाले. "आता बरा झाला माझा पोरगा." त्यांचा आवाज फुटला होता.

तहानं फोन कानाला लावला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. मी सुहासला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.